नऊ नंबरच्या नळ्या

"नळ्यांची अदलाबदल तुम्हीच केलीत. इथे सही करा."

सरांनी कबुलीचा कागद टेबलावरून पुढे सरकवला. लॅबवाल्या बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा वर्षांत त्यांच्या हातून एक नळी इकडची तिकडे झाली नव्हती. आता सही केली की नोकरीवर पाणी सोडायचं.

प्रयोग सरांचा होता. बारा माणसांनी उपाशीपोटी यायचं, भरपूर साय घातलेलं गोड दाट पेय प्यायचं आणि पुढचे चार तास दर अर्ध्या तासाला नर्सला रक्त द्यायचं. पोटात अन्न पडलं की पित्तातली आम्लं आतड्यात उतरतात. त्यातली थोडी रक्तात चढतात आणि शरीराला निरोप देतात, साखर-चरबी कशी वापरायची, आतला दाह किती भडकू द्यायचा. अकरा जणांच्या रक्तात ती नीट चढली होती. नऊ नंबरच्या रक्तात ढिम्म हलली नव्हती. कोणता नंबर कोणाचा, ते मोहोरबंद पाकिटात होतं.

"अदलाबदल झाली असती तर दोघांचे आकडे बिघडले असते, सर." बाई म्हणाल्या. "बिघडलेत एकाचेच. आठच्या आठ नळ्यांत. या माणसाने ते पेय घेतलेलंच नाही."

"माझ्या प्रयोगात लबाड माणसं नसतात," सर कडाडले. "एक जण ऐनवेळी आला नाही, तर मी स्वतः जागा भरली. मीटिंग चालू असताना, याच खुर्चीत बसून पेय संपवलं. याला निष्ठा म्हणतात. तुम्हाला काय कळणार?"

इतका अपमान बाईंनी आजवर गिळला नव्हता.

तेवढ्यात सरांच्या मनगटावर मुंगी चढली. त्यांनी ती झटकली आणि दारात फरशी पुसणाऱ्या मावशींकडे मोर्चा वळवला. "आठ दिवस झाले, केबिनभर मुंग्या. एकालाही काम नीट करायला नको."

"फरशी मी रोज पुसते," मावशी कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "मुंग्या तुमच्या खुर्चीमागच्या कुंडीतून येतात. कुणीतरी गोड साय ओतलीय तिच्यात. झाडही मेलं बिचारं."

सर कुंडीकडे मान वळवायला तयार नव्हते.

बाईंनी कागद फिरवून त्यांच्यासमोर ठेवला. वर पेन ठेवलं.

"सही तुम्ही करा, सर."