मुरलेली तलवार

तुगाया गावचा लोहार मकारांपत नवी नागमोडी तलवार घडवून परसातल्या केळीखाली पुरायचा आणि गंज चढला की खानदानी म्हणून शौकिनांच्या गळ्यात मारायचा.

"तुमच्या आजोबांची खरी तलवार असती तर ही लबाडी करावी लागली नसती," बायको टोमणा मारायची.

"म्हाताऱ्याने ती युद्धात लपवली आणि जागा न सांगताच गेला. मी काय करू?"

यंदा केळीखालून उकरून काढलेल्या तलवारीवर गंज झकास चढला होता. मरावी शहराहून आलेले दातू, म्हणजे तिथले सरदार, चिखलाने माखलेलं पातं बघून हरखलेच. "असं काम आता कुणाला जमत नाही रे!"

मकारांपत गालातल्या गालात हसला.

दातू तलवार घेऊन गेले. खड्डा बुजवायला बायकोने बाजूची माती ओढली, तर फावडं खण्णकन वाजलं आणि नवऱ्याची खूण असलेली तलवार वर आली.



"अहो, तुम्ही घडवलेली तर इथेच आहे! मग त्यांना कुठली दिलीत?"