सुप्रभाचा एक टोला

टाळ्या सुरू झाल्या तेव्हा सुप्रभाची घंटा अजून वाजायचीच होती.

२००६ साल. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या एका हौशी ऑर्केस्ट्रात ती सगळ्यांत मागे उभी असायची. नव्या रचनेत तिच्या वाट्याला एकच टोला आला होता, आणि तो ऐकायला सासूबाई खास लंडनच्या पिनर उपनगरातून आल्या होत्या. रचनाकार आणि कंडक्टर एकच, हाल्वोर ब्रेक्के नावाचा सत्तरीतला नॉर्वेजियन गृहस्थ. रचनेच्या मध्यावर त्याने लांबलचक शांतता योजली होती. त्या शांततेनंतर सुप्रभाचा टोला, मग शेवटचा भाग. त्या भागाचे कागद मात्र तालमीला कधी आलेच नाहीत. कोणी विचारलं की वेळेवर देतो म्हणायचा. आज दुपारी म्हणाला, बहुधा लागणारच नाहीत.

त्याचा अर्थ आत्ता तिच्या ध्यानात आला. वाद्यं थांबली की लोकांना संपलंच वाटणार, हे म्हाताऱ्याने आधीच हेरलं होतं. शेवट त्याने लिहिलेलाच नव्हता. आणि आता छातीवर हात ठेवून तो प्रेक्षकांपुढे साळसूदपणे वाकत होता.

तिसऱ्या रांगेत एकट्या सासूबाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या घंटेकडे बघत होत्या.

सुप्रभाने टोला हाणला.

टाळ्या विरल्या. उभे राहिलेले लोक ओशाळून खाली बसले आणि पुढचं ऐकायला सरसावले. हाल्वोर वळला. त्याचे कान लालबुंद झाले होते. त्याने तिच्याकडे बघून छडी उचलली. मग हळूच म्हणाला, "पुन्हा."

तिने पुन्हा टोला दिला. त्याने चेलोवाल्यांना तोच स्वर धरायला खुणावलं. मग व्हायोलिन, मग बासऱ्या. कोणाला तो चढवत होता, कोणाला थोपवत होता, आणि मधून मधून घंटा मागत होता. होता होता एकटी बासरी उरली, तीही विझली. या वेळी टाळी वाजवायचा कोणाला धीरच होईना. शेवटी सासूबाईंनी सुरुवात केली.

नंतर सुप्रभा त्याला भेटायला आत गेली. घामाने सदरा भिजलेला, पण स्वारी चवीने चहा पीत बसली होती. तिने माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याने हातानेच थांबवलं.

"तीस वर्षांत माझा एकही शेवट इतका जमला नव्हता," तो म्हणाला. "पुढच्या वेळी सुरुवातही लिहिणार नाही."