वॉरंटीत काय काय येतंय?

एकशेऐंशीनं पळणारी तांबडी सेकंडहँड गाडी संग्रामच्या मनात भरली होती. घोडं अडलं होतं ते वॉरंटी घ्यावी का नको, इथं. त्याची बायको अक्षता तर हौसेनं शेजारच्या सीटवर बेल्ट लावून बसलीसुद्धा.

"वॉरंटीत काय काय येतंय?" संग्रामनं विचारलं.

"इंजिन, गिअर, एसी, समदं की, पावणं!" एजंट बाबासो म्हणाला.

"आणि ह्यो बेल्ट?" अक्षता हसली.

"त्याला कशाला वॉरंटी, वैनी? पुढचं दोन्ही नवंकोरं घातल्यात."

"जुनं तुटलं व्हय?"

"बेल्ट कुठं तुटतोय! दोघांस्नी भाईर काढाय उसतोड्यांनी कोयत्यानं कापलं—"

बाबासोनं जीभ चावली. आत अक्षता बेल्ट सोडवायला धडपडत होती, पण घाईत बटणच दाबलं जाईना.