जोडावरचा फुगा

डॉक्टरांच्या जुन्या पेट्रोल जीपला गॅरेजवाल्या मावशीनं गॅसकिट बसवलं खरं, पण गॅसवर ती चालता चालता बंद पडायची. "भंगारात देतो," डॉक्टर म्हणाले.

"माझ्या हातची गाडी भंगारात जात नाही," मावशी फणकारली.

गळती शोधायला तिनं नळीच्या जोडाला साबणाचा फेस लावला. फुगा टपोरा झाला, मग आत ओढला गेला. पुन्हा फुगला, पुन्हा ओसरला.

तिनं जोड आवळला. सिलिंडरच उतरवून दाराबाहेर नेऊन ठेवला. नळीत गॅस उरलाच नव्हता, तरी फुगा संथपणे हलत राहिला.

"मावशी, हा श्वास आहे," डॉक्टर मागे सरकत पुटपुटले.

"असू दे. गॅरेज माझं आहे!"

तिनं जोड सोडवला आणि नळीच्या तोंडावर अंगठा दाबला. त्याच क्षणी तिचा श्वास छातीतच अडला. अंगठा उचलला, तेव्हा कुठे श्वास आला.

"चला इथून!" डॉक्टर ओरडले.

"चला काय? ही जीप कोण मोठी लागून गेली?" मावशीनं बाह्या सरसावल्या, छातीभर श्वास भरून घेतला. "बघूच, आधी कोण गुदमरतं!" आणि अंगठा पुन्हा दाबला.

किल्ली डॉक्टरांच्या खिशात होती. तरी जीप चारही चाकांवर थरथरायला लागली.