अकरा टेबलं आणि दोन काका

रोवेना ठाण्यात ग्राफ थिअरीवर, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांच्या गणितावर, पीएचडी करत होती. भावाच्या लग्नात भांडलेले नातेवाईक एका टेबलावर येऊ नयेत, म्हणून तिने प्रत्येक पाहुण्याचा ठिपका काढला, अबोला असेल तिथे रेघ ओढली आणि चार दिवस खपून सगळ्यांना अकरा टेबलांवर बसवलं. बारा वर्षं एकमेकांशी न बोललेले सिल्वेस्टर काका आणि ऑस्टिन काका तर हॉलच्या दोन टोकांना होते.

जेवणं सुरू झाली आणि दोघांच्याही खुर्च्या रिकाम्या दिसल्या. "अगं, दोघं बाहेर भेटलेत!" मम्मा घाबरून म्हणाली. रोवेना धावतच दाराशी गेली.

 

सिल्वेस्टर काका धाकट्या भावाच्या, ऑस्टिन काकांच्या, खांद्यावर हात टाकून सांगत होते, "तुला निदान पंख्याखाली तरी बसवलंय रे, मला बेसिनला चिकटवलंय! या पोरीला पीएचडीला घेतलं कोणी?"