मेडिकलची शेवटची जागा

"मेडिकलची एकच जागा शिल्लक आहे," माइकवरच्या बाईंनी सांगितलं. "नादेज रूझिये."

सोलेनच्या शेजारची खुर्ची कुरकुरली. तिची आई उठली, स्वेटर खाली ओढला आणि पायऱ्या उतरून खालच्या टेबलाकडे निघाली. सभागृह खच्चून भरलं होतं. वर्षअखेरच्या परीक्षेतल्या गुणक्रमाने एकेकाला पुकारायचं, त्याने आपली शाखा मोठ्याने सांगायची आणि बाकीच्यांनी उरलेल्या जागांवर डोळे लावून बसायचं, अशी पद्धत होती. सोलेनचा क्रमांक आईच्या थोडाच खाली होता. दोघींच्या मध्ये एकच मुलगा होता, आणि त्याला बापाचं औषधांचं दुकान चालवायचं होतं हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. म्हणजे आईने 'नको' म्हटलं की जागा लेकीची.

ती नको म्हणणार, याबद्दल त्या सभागृहात कुणाला शंका नव्हती.

सप्टेंबरात मायलेकी पहिल्यांदा इथे आल्या, तेव्हा मागच्या बाकांवरून, गेल्या वर्षी आपटलेल्या पोरांनी त्यांच्यावर कागदी विमानांचा मारा केला होता. "काकू, पालकसभा शनिवारी असते!" एकजण ओरडला. नादेज शांतपणे वळली. "माहितीये रे बाळा. तुझी आई भेटली होती तिथे. रडत होती बिचारी." सगळं सभागृह खो खो हसलं. त्यानंतर तिच्या वाटेला फारसं कुणी गेलं नाही.

फ्रान्समधल्या लिमोज शहरातल्या एका इस्पितळात ती वीस वर्षं नर्स होती. "'डॉक्टरांना विचारून सांगते' म्हणून म्हणून जीभ झिजली माझी," ती म्हणायची. "आता मीच होते डॉक्टर. विचारायची भानगडच नको." सोलेन शाळा संपवून त्याच वर्षी मेडिकल, डेंटल आणि फार्मसीच्या सामायिक पहिल्या वर्षाला प्रवेश घेणार होती. दोघींनी एकाच दिवशी घेतला.

ते वर्ष माणसाला माणूस राहू देणारं नव्हतं. शेजारी बसलेला शेजाऱ्याला टिपणं दाखवत नसे. कुणी आजारी पडून गावी गेला, की वर्गाला बरंच वाटायचं. या दोघींचं मात्र स्वयंपाकघर एकच होतं. आई कांद्याची पात चिरता चिरता हाडांची नावं म्हणायची, आणि सोलेन तिच्या डोक्यात भौतिकशास्त्र उतरवायची. "आई, दगड आहेस तू, दगड!" "असेन. पण दगडावर कोरलेलं पुसत नाही, बाईसाहेब." त्या हसायच्या आणि पुढचं गणित घ्यायच्या. आपण परीक्षेला एकमेकींच्याही विरुद्ध बसलो आहोत, हे त्या स्वयंपाकघरात कधी कुणी बोललं नाही.

निकाल लागला, मेडिकलची शेवटची जागा आईच्याच वाट्याला येणार हे क्रमांकांवरून दिसलं, आणि मावशीचा फोन आला. तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "नादेज, झाली ना हौस? आता पोरीच्या ताटातला घास उचलणार आहेस का?"

"बघू," एवढंच आई म्हणाली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. सोलेनला वाटलं, जागा सोडायचं आईचं ठरलं आहे. मग तिनेही आपलं ठरवलं. भर सभागृहात उठून उभं राहायचं आणि सांगायचं, "नाही आई, ही जागा तुझी आहे." आरशासमोर म्हणून म्हणून तिने ते वाक्य घोटलं होतं. म्हणताना दर वेळी तिचे डोळे भरून यायचे.

आई टेबलापाशी पोचली. सोलेन खुर्चीतून अर्धी उठली.

"बोला," बाई म्हणाल्या.

नादेजने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मेडिकल."

सभागृहात एकच कुजबुज उठली. "पोटच्या पोरीची घेतली!" मागून कुणीतरी म्हणालं. सोलेन तशीच अर्धवट उभी राहिली. ते वाक्य तोंडातच राहिलं. आणि तिला कळून चुकलं, की 'नको' म्हणायची तालीम करताना आई देणारच हे तिने धरून ठेवलं होतं. आईने जरा आग्रह केला असता, तर तिने ती जागा घेतलीही असती.

मधल्या मुलाने फार्मसी घेतली. "सोलेन रूझिये."

ती खाली गेली. बाईंचा आवाज हळू झाला. "डेंटलला जागा आहेत अजून."

"नको." आवाज वाटला होता त्याहून खणखणीत निघाला. "मी पुन्हा परीक्षेला बसणार. मेडिकललाच जायचंय मला."

मागच्या पोरांनी बाकं बडवली. सोलेन परत पायऱ्या चढली. वर्षभरात पहिल्यांदाच तिला स्पष्ट दिसत होतं की आपण किती कमी पडलो आणि नेमकं काय करायला हवं.

नादेज बाहेर पायऱ्यांवर उभी होती. ऊन चांगलंच तापलं होतं, तरी तिने स्वेटर काढला नव्हता.

"रागावलीस?"

"हो. खूप." सोलेन तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. "मी तुला सांगणार होते, जागा तू घे म्हणून."

"माहितीये. आठवडाभर तोंडावर दिसत होतं तुझ्या."

"मग एकदा माझ्याकडे बघायचं तरी!"

"बघितलं असतं, तर सोडली असती," आई म्हणाली. "राग काय, वर्षभरात जाईल तुझा. माझे उपकार मात्र तुला जन्मभर वागवावे लागले असते."