पांढरी जास्वंद

मुलगा वारला, त्याच्या आदल्या वर्षी त्याने गॅलरीतल्या कुंडीत पांढरी जास्वंद लावली होती. बायको तिला जिवापाड जपते. फांदी छाटायची झाली तरी मला हात लावू देत नाही. आज त्या झाडाला लालभडक फूल आलं आणि माझं पितळ उघडं पडलं.

"गेल्या वर्षी तू हॉस्पिटलात होतीस ना, तेव्हा कीड लागून वाळली गं ती. नुसत्या पानांवरून रंग ओळखता येत नाही. नर्सरीवाला म्हणाला, पांढरीच आहे. मी गुपचूप आणून त्याच कुंडीत लावली."

ती फुलाजवळ वाकली. मग पुटपुटली, "त्याआधी मी बदलली, तेव्हा निदान फूल बघून तरी आणली होती."